पर्यटन व्यवस्थापनाची पदवी: प्रवेशापासून पहिल्या नोकरीपर्यंत

बारावीचा निकाल लागला की मला हमखास फोन येतात. "मुलीला फिरायची भारी आवड आहे हो, टुरिझमला घालू का?" मी उलट विचारते, "तुमच्या घरी लग्न असतं तेव्हा बसचं कोण बघतं?" कोण कुठल्या बसमध्ये, आजींना पुढची सीट, ड्रायव्हरचं जेवण, पाण्याचे कॅन, परतीला उशीर झाला तर जादा किलोमीटरचे पैसे. हे सगळं ज्या मुलांना न सांगता सुचतं, ती या पदवीत लवकर रमतात. फिरायची आवड असावीच. पण ती वर्गातल्या प्रत्येकालाच असते, आणि पहिल्या सत्रात अकाउंट्सचा पेपर समोर आला की त्यातली बरीच जण घाबरतात. नाव पर्यटनाचं असलं तरी ही पदवी व्यवसाय व्यवस्थापनाची आहे, हे घरात कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

मी ही पदवी घेतली, अकरा वर्षं सहलींच्या धंद्यात काढली आणि आता कॉलेजात अधूनमधून शिकवायला जाते. त्या अनुभवातून, प्रवेशाच्या आधीपासून क्रमाने सांगते.

आधी पदवीचं पूर्ण नाव वाचा

जाहिरातीत सगळीकडे 'टुरिझम' असं मोठ्या अक्षरात असतं, पण पदव्या वेगवेगळ्या. बीबीए पर्यटन म्हणजे व्यवस्थापनाचे सगळे पायाभूत विषय आणि त्यावर पर्यटन. बीए व्होकेशनल किंवा बी.व्होक. असेल तर कौशल्यावर भर, व्यवस्थापन थोडं कमी. आणि हॉटेल मॅनेजमेंट हे तिसरंच काहीतरी: तिथे स्वयंपाकघर, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस. दरवर्षी दोन-तीन मुलं तरी भेटतात, ज्यांना सहली आखायच्या होत्या आणि जी चुकून शेफचा कोट घालून उभी आहेत. प्रवेश घेण्याआधी सहाही सत्रांच्या विषयांची यादी मागा आणि घरी बसून वाचा. त्यात कॉस्टिंग (सहलीची किंमत काढणं), तिकिटिंग आणि इंटर्नशिप हे तीन शब्द दिसले नाहीत, तर पुन्हा विचार करा.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्ससह चार वर्षांची झाली आहे. मध्येच थांबावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेली क्रेडिट्स अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ते खातं पहिल्याच महिन्यात उघडा.

प्रवेशाचे रस्ते

महाराष्ट्रात २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए या पदव्यांसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं, त्यामुळे एकाच गावातल्या दोन कॉलेजांत एकीकडे सीईटी लागते आणि दुसरीकडे बारावीच्या गुणांवर प्रवेश होतो. म्हणून कॉलेजात जाऊन सरळ विचारा: इथे सीईटी लागते का, आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून होतो, की कॉलेजच्या पातळीवर? या दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे. शिष्यवृत्ती आणि मुलींसाठीची शुल्कमाफी यांचे नियम प्रवेश कुठल्या मार्गाने झाला यावर ठरतात. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली आणि मग महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसलं, की पालकांचे चेहरे उतरलेले मी पाहिले आहेत.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टुरिझम अँड ट्रॅव्हल मॅनेजमेंट ही संस्था आहे. स्थापना १९८३ ची, मुख्य केंद्र ग्वाल्हेरला, शिवाय भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था हीदेखील तिचाच भाग. केंद्रीय विद्यापीठांत जायचं तर सीयूईटी ही त्यांची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूमध्ये पर्यटनाचे अभ्यासक्रम आहेत. दूरशिक्षणात मात्र इंटर्नशिप स्वतःच शोधावी लागते.

कॉलेज बघायला जाल तेव्हा

इमारत आणि वातानुकूलित सेमिनार हॉल बघून भुलू नका. संगणक कक्षात जा आणि विचारा, इथे जीडीएस शिकवता का? जीडीएस म्हणजे एजंट ज्यावर विमानाची तिकिटं शोधतात आणि काढतात ती प्रणाली. अमेडियस, गॅलिलिओ, सेबर ही त्यातली मोठी नावं. नुसतं पुस्तकात शिकवतात की मुलांना त्यावर हात चालवायला मिळतो, हे महत्त्वाचं. मग मागच्या वर्षीची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली, ते विचारा. कंपन्यांची नावं पटापट आली तर ठीक. "सगळीकडे जातात" असं उत्तर आलं तर तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कँटीनमध्ये गाठून विचारा. तो खरं सांगेल.

पहिलं वर्ष: अकाउंट्स, नकाशा आणि नावं

अकाउंट्सला लवकर भिडा. कला शाखेतून आलेल्यांनी पहिल्या महिन्यात जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स एवढं कॉमर्सच्या मित्राकडून शिकून घ्यावं. सोबत एक्सेल. बेरीज-वजाबाकी पुरत नाही, सूत्रं लावता आली पाहिजेत. का, ते पुढे कळेल.

भूगोलासाठी भिंतीवर मोठा नकाशा लावा आणि रोज पाच विमानतळांचे कोड पाठ करा. मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू, नाशिक आयएसके. हे घोकणं कंटाळवाणं वाटेल, पण गोव्याचं उदाहरण घ्या. दाबोळीचा कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. एका अक्षराचा फरक. दाबोळी वास्कोजवळ, मोपा थेट उत्तरेला पेडणे तालुक्यात. तिकीट जीओएक्सचं आणि गाडी दाबोळीला पाठवली, तर लहान मुलं आणि बॅगा घेऊन एक कुटुंब मोपाच्या बाहेर ताटकळत बसतं, आणि गाडीला अख्खा गोवा ओलांडून यावं लागतं.

दुसरी काळजी नावाची. फॉर्मवर आडनाव आधी लिहायची आपल्याला सवय, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि दिलेल्या नावाचा वेगळा. त्यात लग्नानंतर नाव बदललेलं, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा. परदेशाच्या तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं, अक्षर न् अक्षर. फोनवर सांगितलेल्या नावावर कधीही तिकीट काढू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो मागवा. तो आला की मुदत संपण्याची तारीखही बघा, कारण बरेच देश प्रवासाच्या तारखेनंतर सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. ही सवय पहिल्या वर्षी लागली, तर नोकरीत पहिल्या महिन्यातच तुमच्यावर भरवसा बसतो.

याच वर्षी सिद्धांतही येतात. थॉमस कुकने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लाफबरोला साधारण पाचशे माणसं एकेका शिलिंगात रेल्वेने नेली, तिथून धडा सुरू होतो. मग बटलर या अभ्यासकाचं १९८० चं पर्यटनस्थळाचं जीवनचक्र: शोध लागतो, गावकरी सामील होतात, विकास होतो, मग साचलेपण, आणि त्यानंतर उतार किंवा नवी उभारी. डॉक्सी या दुसऱ्या अभ्यासकाने १९७५ मध्ये स्थानिकांच्या मनाचे टप्पे मांडले: आधी आनंद, मग उदासीनता, मग चीड, शेवटी उघड विरोध. हे नुसतं पाठ केलंत तर परीक्षेनंतर विसराल. शनिवार-रविवारी एखाद्या किनाऱ्यावर किंवा घाटातल्या गावात जाऊन टपरीवाल्याशी, रिक्षावाल्याशी आणि जिच्या दारात गाड्या लागतात त्या बाईशी बोला. गाव कुठल्या टप्प्यावर आहे, ते तासाभरात कळतं. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या माणसांची मर्यादा का आणावी लागली, हे समजलं की धारणक्षमता, म्हणजे एखादी जागा न बिघडता किती माणसं पेलू शकते, ही व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

सहल आखायला शिका, कागदावर

आता मुख्य गोष्ट. या पदवीतून एकच कौशल्य घेऊन बाहेर पडायचं असेल, तर ते कॉस्टिंग असावं. सहल आखणं आणि तिची किंमत काढणं. मी दरवर्षी पहिला सराव एकच देते: पुण्याहून अजिंठा-वेरूळ, निघायचं रविवारी.

बहुतेक मुलं अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी ठेवतात, कारण तोंडात तोच क्रम बसलेला असतो. पण अजिंठा लेणी सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. दोन्ही दिवस दारावरून परत. क्रम उलटा केला, सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, तर सगळं जमतं. वेरूळ छत्रपती संभाजीनगर शहरापासून तीसेक किलोमीटर, वाटेत दौलताबाद, आणि लेण्यांजवळच घृष्णेश्वर, म्हणजे तो दिवस भरगच्च होतो. अजिंठा शंभरेक किलोमीटर. तिथे खासगी गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं. तो वेळ धरला नाही तर दुपारचं जेवण चार वाजता होतं. आणि अजिंठा करून त्याच दिवशी पुण्याला परतायचं म्हटलं, तर तिथून सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. सोबत साठीच्या पुढची माणसं असतील तर असा दिवस मी कुणाला देणार नाही. म्हणून तिसरी रात्र शहरात आणि बुधवारी परत.

आता पैसे. आकडे समजण्यापुरते आहेत. चार दिवसांची बस, टोल, पार्किंग आणि ड्रायव्हरच्या भत्त्यासह ६०,००० रुपये. दोन दिवसांचा गाइड ६,०००. टूर मॅनेजरची राहणी, जेवण आणि मानधन १०,०००. एकूण ७६,०००. माणसं दहा असोत की वीस, हा खर्च तेवढाच. म्हणून तो स्थिर खर्च. आता माणसागणिक खर्च: डबल शेअरिंगमध्ये (एका खोलीत दोघं) नाश्त्यासह तीन रात्रींचे ४,८००, आठ जेवणांचे २,०००, प्रवेश तिकिटं आणि अजिंठ्याची बस ३००, विमा, पाणी, चहा-खाऊ ४००. झाले ७,५००.

वीस माणसं आली तर बसचा वगैरे वाटा प्रत्येकी ३,८००, म्हणजे एका माणसाचा खर्च ११,३००. आपण १२,५०० ला सहल विकली, जीएसटी वेगळा. माणशी १,२०० सुटले, एकूण २४,०००. आता चौदाच माणसं आली तर? प्रत्येकाकडून ७,५०० वजा जाता ५,००० उरतात, चौदा जणांचे ७०,०००, आणि खर्च ७६,०००. सहा हजारांचा तोटा. पंधरा आली तरी हजाराने कमी. सोळावा माणूस आला की सहल स्वतःच्या पायावर उभी राहते. तोच ब्रेक-इव्हन. वर्गात ही व्याख्या आठवड्याभरात विसरली जाते, पण "सोळावा माणूस" कुणी विसरत नाही.

याच कागदावर पुढचे प्रश्न येतात. एकटी बाई आली आणि तिला खोली वाटून घ्यायची नसेल तर? अर्ध्या खोलीचा फरक सिंगल सप्लिमेंट म्हणून वेगळा दाखवायचा. हॉटेलने दर सीपी सांगितला की एमएपी? सीपीत फक्त नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत सगळी जेवणं. हे विचारायचं राहिलं तर वीस माणसांची तीन रात्रीची जेवणं तुमच्या अंगावर पडतात. खर्चावर किती चढवले आणि विक्रीतले किती उरले, यांतला फरकही इथेच कळतो. वरच्या उदाहरणात खर्चावर साडेदहा टक्क्यांच्या आसपास चढवले, पण विक्रीच्या किमतीत नफा साडेनऊ टक्क्यांच्या आसपासच आहे. मालक विचारतो तेव्हा त्याच्या मनात कुठला आकडा आहे, हे आधी विचारून घ्या.

दर महिन्याला एक सहल अशी कागदावर बसवा. एखादी किल्ल्यांची करा. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. साल्हेर, राजगड आणि सिंधुदुर्ग एकाच सहलीत बसत नाहीत, हे नकाशा उघडल्याबरोबर दिसेल. मग कुठले तीन-चार एकत्र बसतात, पावसाळ्यात खांदेरीला होडी मिळेल का, सत्तरीच्या काकांना रायगडावर रोपवेने नेता येईल का, असे प्रश्न आपोआप पडू लागतात. एक्सेलची एकेक शीट जपून ठेवा.

दुसरं वर्ष: तिकिटिंग आणि एक भाषा

जीडीएसवर हात बसायला वेळ लागतो. अमेडियसमध्ये आधी ए-एन, मग तारीख, मग दोन शहरांचे कोड टाकले की उपलब्ध विमानं दिसतात. सुरुवातीला परग्रहावरची भाषा वाटते. महिनाभर रोज अर्धा तास बसा, बोटं आपोआप चालू लागतील.

भाषा एकच घ्या, पण नीट घ्या. 'नमस्कार, कसे आहात' एवढ्या पातळीचा काही उपयोग नाही. निदान बी-वन ही मधली पातळी गाठा. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आणि फ्रेंचसाठी आलियाँस फ्राँसेज. माझं मत विचाराल तर संभाजीनगरच्या बाजूच्या मुलांनी जपानीचा गंभीरपणे विचार करावा, कारण अजिंठ्याला बौद्ध देशांतले प्रवासी श्रद्धेने येतात. आणि मराठी सांभाळा. आपल्याकडे टूर मॅनेजरसह जाणाऱ्या ग्रुप टूरचा मोठा बाजार आहे. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून त्यात आहेत. युरोपात पंधरा दिवस चाळीस मराठी माणसांना सांभाळणाऱ्याला आजोबांची गोळ्यांची वेळ आणि काकूंचा उपवासाचा वार दोन्ही लक्षात ठेवावे लागतात, आणि ते मायेने विचारावं लागतं.

इंटर्नशिप: आधी ठरवून जा

याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण माझे स्वतःचे दोन महिने वाया गेले. एका कंपनीत लागले. पहिले पाच आठवडे मी पाकिटांत माहितीपत्रकं भरली आणि पासपोर्टच्या झेरॉक्स काढल्या. ऑपरेशन्सच्या, म्हणजे जिथून सहली प्रत्यक्ष चालवतात त्या टेबलाकडे जाऊ का, असं विचारलं की "पुढच्या आठवड्यात." तो आठवडा आलाच नाही. मानधन नव्हतं, आणि प्रमाणपत्रासाठी तीन महिने खेटे घातले. माझी चूक एवढीच की मी काही विचारून घेतलं नव्हतं.

तुम्ही विचारा. कुठल्या विभागात किती आठवडे? कामावर देखरेख कोणाची? मानधन किती, प्रमाणपत्र केव्हा? उत्तरं ईमेलवर घ्या. मे महिना आणि दिवाळी हे गर्दीचे हंगाम. तेव्हा शिकवायला कुणाला फुरसत नसते, पण खरं काम तेव्हाच दिसतं, म्हणून गर्दीच्या पंधरा दिवस आधी रुजू व्हा. ऑपरेशन्समध्ये बसायला मिळालं तर एका सहलीची फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा: हॉटेलशी झालेला पत्रव्यवहार, व्हाउचर, रूमिंग लिस्ट (कोण कुठल्या खोलीत), आगाऊ रक्कम, परत आल्यावरचा हिशेब. अंदाजे खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांत कुठे फरक पडला, ते वहीत लिहा. त्या एका फाइलमधून जे कळतं, ते वर्गात मला शिकवता येत नाही.

मोठ्या कंपनीचाच हट्ट नको. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं, घरगुती न्याहारी-निवास योजनाही आहे. अशा एखाद्या घरगुती केंद्रात महिनाभर राहिलात, तर आरक्षण, स्वयंपाकाचा अंदाज, पाहुण्यांच्या तक्रारी आणि रात्रीचा हिशेब, सगळं एकाच ओसरीवर शिकायला मिळतं.

शेवटचं वर्ष

प्रकल्पाचा विषय लहान ठेवा. 'महाराष्ट्रातील पर्यटनाचा अभ्यास' असा विषय दिलात तर इंटरनेटवरून उतरवण्याशिवाय काही होणार नाही. त्याऐवजी आपल्या तालुक्यातल्या एका जत्रेत किती गाड्या येतात, पार्किंगचे पैसे कुणाकडे जातात, कचरा कोण उचलतं, एवढं तीन दिवस उभं राहून मोजा. परीक्षकांना असे आकडे बघायला आवडतात, कारण ते दुसरीकडे कुठेच मिळत नाहीत.

गाइड व्हायचं असेल तर पर्यटन मंत्रालयाचा अतुल्य भारत टुरिस्ट फॅसिलिटेटर हा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम पदवीसोबत करता येतो. तिकिटिंगमध्ये जायचं तर आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, पायाभूत कोर्स उपयोगी. एमबीए लगेच करावं का? मी म्हणेन, दोन हंगाम नोकरी करा आणि मग ठरवा. ग्वाल्हेरच्या संस्थेत एमबीए आहे, इतर विद्यापीठांतही आहे, ते कुठे पळून जात नाही.

मुलाखतीला जाताना बायोडेटासोबत आपल्या तीन कॉस्टिंग शीट छापून न्या: एक जवळची सहल, एक राज्याबाहेरची, एक परदेशाची. समोरचा माणूस त्यातली एखादी उचलेल आणि विचारेल, "बस अचानक आठ हजारांनी महागली तर?" अजिंठ्याच्या सहलीत स्थिर खर्च ७६,००० वरून ८४,००० होईल, भागिले माणशी उरणारे ५,०००, म्हणजे आता सतरावा माणूस लागेल. एवढं तिथल्या तिथे, कागदावर पेन्सिलीने करून दाखवा.